कडू आधी, गूळ मागाहून

लातूर,
गुढीपाडवा, १४ एप्रिल १९८३

चि. सिंधु हिस अनेक आशीर्वाद.

गुढी उभारली, हात धुतले आणि लगेच लिहायला बसलो. आबांना जाऊन हा तिसरा पाडवा. ते असते तर आत्ता आपल्या दोघांना अंगणात उभं करून तोंडात लिंबाचा पाला कोंबला असता. पाला चावत गेल्या सालातली आपली एक चूक सांगायची, मग गुळाचा खडा, आणि खडा विरघळायच्या आत पुढच्या सालचा संकल्प. चूक सांगितल्याशिवाय गूळ नाही. अख्ख्या गावात हा कायदा फक्त आपल्याच घरी होता. लोक म्हणायचे, सटवाजीनं घरात कोर्ट भरवलंय. पोस्टानं का होईना, आपण तो चालवायचा असं ठरलंय, तर घे.

माझं कडू असं की दिवाळीत सोडलेली तंबाखू संक्रांतीला परत धरली आणि तुझ्या वहिनीला सांगितलं की खिशात चुन्याची डबी आहे ती साहेबांची.

आता संकल्प. यंदा सात केलेत. तंबाखू बंद, पहाटे उठून फिरणं, इंग्रजी टायपिंगची परीक्षा, महिन्याला एक पुस्तक, चहा दोनच वेळा, ऑफिसात आवाज चढवायचा नाही आणि आईला दर महिन्याला गावी जाऊन भेटायचं. हसू नकोस. ऑगस्टात लातूरचा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादेहून दप्तराचे गठ्ठे आले आणि त्यांच्या मागोमाग आम्ही कारकून आलो. अजून ते गठ्ठे उघडतोच आहोत. सगळं नवं आहे, कलेक्टर नवा, खुर्च्या नव्या, तेव्हा वाटलं आपणही जरा नवं व्हावं. जुना फक्त नळ. चौथ्या दिवशी येतो आणि दोन बादल्यांवर जातो.

आता तुझं पाठव. अण्णारावांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
दादा

*

कंधार,
२४ एप्रिल १९८३

ती. दादास सिंधुचा नमस्कार.

सात! अरे, सात संकल्प तर लग्नात फेऱ्यांनाही नीट निभत नाहीत. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ज्याचं एक काम ऱ्हायलेलं असतंय, त्यो सात काढतोय." त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

माझं कडू मात्र खरंच कडू आहे. दुपारी मी शेजारच्या बालवाडीत जाते ते तू जाणतोसच. तिथल्या बाईंना मदत करते, गाणी शिकवते, नाकं पुसते. घरी मात्र सांगितलं होतं की शिवण शिकायला जाते. सहा महिने खोटं बोलले. शेवटी एका पोरानं भर बाजारात "सिंधुबाई, सिंधुबाई" करत माझा पदर धरला आणि पितळ उघडं पडलं. सासूबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मंग झंपर कुठाय शिवलेलं?"

संकल्प लिहू की नको, आठ दिवस विचार करते आहे. बालवाडीच्या बाई पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला जाणार. जागा मला मिळावी अशी त्यांची इच्छा आहे, पण संस्था म्हणते मॅट्रिक पाहिजे. बाई म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भर, घरून अभ्यास कर आणि मार्चात बैस. आठवी पास असल्याचा शाळेचा दाखला लागतो. अण्णारावांचं काही म्हणणं नाही. ते म्हणतात, "मी बसमधी दिवसभर तिकिटं फाडतो, तू घरी पुस्तकं फाड."

पण दादा, मी जमेत धरण्यासारखी आहे का? ते दुष्काळाचं साल तुला आठवतंय ना. बसवंत गुरुजींनी मला नांदेडला नेऊन वसतिगृहाच्या परीक्षेला बसवलं होतं. फुकट राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंत शिक्षण. आम्ही सव्वाशे पोरी होतो, त्यांतल्या तीस घेणार होते. मी तर सगळे जबाब लिहून आले होते. दोन महिने पोस्टमनची वाट पाहिली. मग आबाच म्हणाले, "नंबर लागला नसंल बाई, कष्टी होऊ नको." तेव्हापासून मला माझी किंमत कळलेली आहे. सव्वाशेत तीसमध्येही जी नाही, तिनं दहा वर्षांनी, दोन पोरांची आई होऊन, बीजगणित करायचं म्हणजे हसंच की.

तू शिकलेला आहेस, मला लहानपणापासून ओळखतोस. तू बैस म्हणालास तर बसते. नको म्हणालास तर विषय संपला, परत काढणार नाही.

तुझी,
सिंधु

*

लातूर,
१८ मे १९८३

चि. सिंधु हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. ऑफिसात टंचाईचं काम निघालं आहे, कुठे टँकर, कुठे विहीर खोल करणं, रोज तक्ते पाठवावे लागतात.

तुझ्या परीक्षेचं वाचलं. विचार चांगला आहे. पण पोरं लहान आहेत, सासूबाईंचं वय झालं आहे, उन्हाळा असा. यंदाच घाई करावी असं काही नाही. शांतपणे ठरवू. दाखल्याचं मी पाहतो. तू किंवा अण्णाराव त्यासाठी शाळेत जाऊ नका, उगीच हेलपाटा होईल. सरकारी कागद आहे, मीच काढून आणीन.

सातपैकी टायपिंग चालू आहे. बाकीचं विचारू नकोस.

दादा

*

कंधार,
३ जुलै १९८३

ती. दादास नमस्कार.

दीड महिना झाला. तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस. अर्जावर "योग्य ती कार्यवाही व्हावी" असा शेरा मारतात तसं झालं. अरे, मी काय तुझ्या ऑफिसची फाईल आहे?

इकडे मात्र गाडी पुढे सरकली. अण्णारावांनी नांदेडहून फॉर्म आणला. ऑगस्टअखेर मुदत आहे. सासूबाईंनी फॉर्म हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "बसतीस तर बस बाई. मी काय नाट लावून राहिले न्हाई. पर पाणी कोण भरंल, ते सांग आधी." त्यांचंही खोटं नाही. हापसा आटला आहे, टँकर आला की सगळी गल्ली पळते. त्यांचे गुडघे गेलेत, अण्णाराव पहाटेच्या गाडीवर असतात, तेव्हा घागरी माझ्याच.

दाखला झाला का? झाला नसेल तर सांग. अण्णारावांची पुढच्या बुधवारी सुट्टी आहे, ते लातूरच्या गाडीनं जाऊन परस्पर आपल्या गावच्या शाळेत जातील. शिरूर अनंतपाळला उतरलं की पाऊण तासाची तर वाट आहे. बसवंत गुरुजी अजून तिथेच मुख्याध्यापक आहेत म्हणतात. मला ओळखतील का रे?

तुझी,
सिंधु

*

लातूर,
१२ जुलै १९८३

सिंधु,

सोबत तुझा दाखला आहे. परवा गावी जाऊन घेऊन आलो. त्याच पाकिटात आणखी एक कागद आहे, पिवळा पडलेला. तो आधी वाचू नकोस. आधी हे वाच.

बसवंत गुरुजी तुला ओळखतात. दाखला लिहिता लिहिता त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "रामकिशन, तुझी बहीण नांदेडला गेली का न्हाई रे? त्या साली मी लई वाट पाहिली. पत्र तर मलाबी आलं होतं."  त्यांनी तुला किंवा आबांना तेव्हाच विचारलं असतं, पण त्याच महिन्यात त्यांची बदली औशाला झाली होती. परत आले तोवर तुझं लग्न होऊन गेलं होतं.

त्यांना सांगता आलं नाही, पण तुला सांगतो. तुझा नंबर लागला होता.

ते पत्र मे महिन्यात आलं. आबा आणि मी खडी फोडायच्या कामावर होतो. आई हगवणीनं अंथरुणाला खिळली होती आणि तू तिच्याजवळ घरी होतीस. पोस्टमननं कामावर येऊन पाकीट माझ्या हातात दिलं. आबा दुसऱ्या टोकाला होते. मी ढिगावर बसून वाचलं. पंधरा जूनला हजर राहायचं होतं. आणि मलाही जूनमध्येच लातूरला कॉलेजात जायचं होतं. आईला उठवणं-बसवणं, दोन कोसावरून पाणी, बैल छावणीत, त्यांना पाहणं, हे सगळं कुणाला तरी करावं लागणार होतं. तू गेलीस तर मी, मी गेलो तर तू. आबांना पत्र दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, पोरीची जागा फुकटाची आहे, ती परत येणार नाही, तू वर्षभर थांब. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच दाखवलं नाही. पत्र घडी करून टोपीत घातलं आणि पुन्हा खडी फोडायला लागलो.

वर्षभरच थांबायचं होतं, सिंधु. मी एक वर्षही थांबलो नाही.

फाडून टाकायला हवं होतं, पण कागद फाडवला नाही. पुढे कारकून झालो, त्याची लक्षणं तेव्हाच दिसली असतील. ट्रंकेच्या तळाला ते पडून राहिलं. गेल्या ऑगस्टात लातूरला बिऱ्हाड हलवलं तेव्हा ट्रंक उपसली आणि ते हातात आलं. वर्षभर मी त्याला ह्या कप्प्यातून त्या कप्प्यात हलवतो आहे.

मी दरवर्षी पाला चावत आबांसमोर उभा राहिलो आणि भांडण, तंबाखू, उशिरा उठणं असलं काहीबाही सांगत आलो. सात संकल्प कशासाठी होते ते तुझ्या सासूबाईंनी बरोबर ओळखलं.

मे महिन्यात मी तुला "घाई नको" असं लिहिलं ते तुझ्या पोरांसाठी नव्हतं. तू शाळेत गेलीस की गुरुजी बोलतील, ही मला भीती होती.

आबांना हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना दोष देऊ नकोस.

तू विचारलं होतंस, बसू का. बैस.

रामकिशन

*

कंधार, डेपो,
१ ऑगस्ट १९८३

रा. रा. रामकिशनराव यांना अण्णारावचा रामराम.

तुमचं पाकीट आलं. तिनं दोन डाव वाचलं. मंग अंगण सारवलं. आदल्या दिशीच सारवलं होतं, तरी सारवलं. मी इचारलं काय झालं, तर "काय न्हाई, दादाचं पत्र हाय" म्हणली. दोन दिस जेवली न्हाई. तिसऱ्या दिशी तिनं मला समदं सांगितलं.  मी तर त्या पत्रामुळंच तिचा नवरा झालो. ती नांदेडला गेली असती तर मला कशाला भेटती. तवा मला तुमच्यावर रागबी येईना नीट, अन् येऊ नये असंबी वाटंना.

पंचमीला माहेरी पाठवू का म्हणलं, तर नको म्हणली. तुम्ही वाट बघू नका.

फॉर्मवर फोटू लागतोय. काल तेवढा काढून आली. म्हणून कळवलं.

अण्णाराव

*

कंधार,
३० ऑक्टोबर १९८३

दादा,

तीन महिने रोज तुला मनात पत्र लिहीत होते. भांडी घासताना लिहायचे, रांगेत उभी राहून लिहायचे. त्यातली बरीचशी तुला पाठवण्यासारखी नव्हती.

तो पिवळा कागद मी पाठ केला आहे. "कु. सिंधु सटवाजी, गुणानुक्रमे तिसरी." सव्वाशेत तिसरी, दादा. तीसमध्येच नाही तर तिसरी. हे वाचून मला आनंद व्हावा की नाही? झाला नाही. तुझा राग आला, तो येणारच होता, पण त्याखाली आणखी एक राग होता आणि तो कसला हे मला आता आता कळलं.

दहा वर्षं मला कुणी काही म्हणालं की मी म्हणायचे, मला जमणार नाही, माझा नंबर लागला नव्हता. ते म्हणणं फार सोयीचं होतं. भाकरी थापावी, पोरं न्हाऊ घालावी, रात्री निवांत झोपावं. जे आपलं नव्हतंच त्याची कशाला हळहळ? तू आधी माझी शाळा नेलीस आणि दहा वर्षांनी ते समाधानही नेलंस. आता बीजगणित सुटलं नाही की कुणावर ढकलू? मी तिसरी आलेली आहे. आता मला जमलंच पाहिजे.

आणखी एक सांगते. तू दर पंचमीला साडी आणलीस, बाळंतपणात दोन्ही वेळा रजा काढून आलास, माझी धाकटी आजारी पडली तेव्हा रात्रीतून नांदेडला नेलीस. सगळ्या गल्लीत मी सांगत फिरायचे, भाऊ असावा तर असा. आता त्या एकेका गोष्टीकडे पाहते आणि विचारते, हे माझ्यावरच्या मायेनं केलं होतं की त्या कागदापायी? तूच सांग, मला वेगळं काढता येत नाही. की सांगू नकोस. तुलाही येत नसेल.

फॉर्म भरला आहे. पहाटे चारला उठून अभ्यास करते. इतिहास, मराठी, शास्त्र येतं आहे. गणित अंगावर येतं.

पाडव्यापर्यंत मला पत्र लिहू नकोस. आईला सांग मी बरी आहे.

सिंधु

*

लातूर,
गुढीपाडवा, २ एप्रिल १९८४

चि. सिंधु हिस आशीर्वाद.

तू सांगितलं होतंस म्हणून आजवर लिहिलं नाही. अण्णाराव मध्ये एकदा लातूर स्टँडवर भेटले, चहा घेतला. पेपर झाले एवढंच ते बोलले. मीही जास्त विचारलं नाही.

तू विचारलं होतंस की माया की कागद. मी पाच महिने विचार केला. पहिली साडी कागदापायी होती. धाकटीला घेऊन नांदेडला पळालो त्या रात्री मला कागदाची आठवणही नव्हती. मधल्या सगळ्याचं मला सांगता येत नाही. खोटं लिहिण्यापेक्षा तसंच सोडतो.

यंदाचं माझं कडू तेच आहे जे तुला ठाऊक आहे. दुसरं नाही. आईलाही मी ते सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. बराच वेळ लाकडं मागे-पुढे करत राहिली आणि मग म्हणाली, "माझ्या आजारपणापायी गेली व्हय रे पोरीची शाळा?" मी नाही म्हणालो. तिला ते पटलं नाही.

संकल्प एकही लिहीत नाही. माझ्या संकल्पांचा काही उपयोग झालेला मी पाहिला नाही.

दादा

*

कंधार,
२१ जून १९८४

ती. दादास सिंधुचा नमस्कार.

परवा निकाल लागला. मराठीत बालवाडीच्या बाईंना त्यांच्या मॅट्रिकला पडले होते त्यांपेक्षा जास्त मार्क आहेत म्हणे, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. इतिहास, भूगोल, शास्त्र, हिंदी सगळं निघालं. इंग्रजी काठावर निघालं. गणितात सहा मार्कांनी गेले.

आता माझं कडू, पाडव्याचं राहिलेलं. घरात सगळ्यांना मी सांगितलं की पेपर अवघड होता. तो अवघड नव्हता. येत होता. त्या दिवशी सकाळी साडेदहाला टँकर आला आणि अकराला पेपर होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, मी बघते," आणि घागर घेऊन निघाल्याही, पण पायरीवरच बसल्या. अण्णाराव नांदेडच्या वाटेवर. घरात थेंब नव्हता. मी रांगेत उभी राहिले. चार घागरी आणल्या आणि धावत गेले, तर पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. उरलेल्या वेळात जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं. पदर ओलाच. शेवटची दोन गणितं मला येत होती दादा, नुसती वाचून उठले.

हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं तर सासूबाई त्या पायरीवरून उठायच्या नाहीत. तुलाच सांगते आहे.

बाई संक्रांतीपर्यंत थांबायला तयार आहेत. ऑक्टोबरला मी गणिताला परत बसणार. तारीख आली की कळवीन.

तू लिहिलं आहेस की यंदा संकल्प नाही. असं चालणार नाही. मी तुला एक देते. परीक्षेच्या आधी आठ दिवस रजा टाकून इकडे ये. पोरांना शाळेत सोडणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, पाणी भरणं, सगळं तुझ्याकडे. टँकर असो, नळ असो की नदीवरून आणायचं असो, घरात मला पाण्याचं नावही ऐकू आलं नाही पाहिजे. गल्लीतल्या बाया हसतील, कलेक्टर ऑफिसचा माणूस घागर घेऊन उभा म्हणून. हसू देत.

तुला माफ केलं का, ते मला अजून सांगता येत नाही. काही दिवशी केलेलं असतं, काही दिवशी नसतं. पण मी आत गणित सोडवत असेन तेव्हा माझ्या जागी रांगेत तू उभा असावास, एवढं मला पाहिजे आहे.

रजेचा अर्ज आत्ताच कर.

तुझी,
सिंधु